पसरणीचा घाट, ऑटोमॅटिक गाडी आणि मागचा हॉर्न

पुण्याहून वाईपर्यंतच्या प्रवासात लिहिण्यासारखे काही घडले नाही. खंबाटकीचा घाट गाडी विनातक्रार चढली, सुरूर फाट्यावर आम्ही वळलो, ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि घाईघाईत मिसळ खाऊन निघालो. पुढे महाबळेश्वर कसे होते, हे विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की नाताळच्या सुट्टीत तिथे माणसे होती आणि माणसांच्या मध्ये थोडी स्ट्रॉबेरी होती. मला लिहायचे आहे ते पसरणीच्या घाटाबद्दल आणि त्या घाटात दर थांब्याला मागे सरकणाऱ्या आमच्या भाड्याच्या गाडीबद्दल.

वाई साधारण ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. मधला चढ हा रस्ता जेमतेम १२-१३ किलोमीटरमध्ये, वळणावळणांनी पार करतो. रस्ता मोकळा असेल तर यात विशेष काही नाही, कारण चालती गाडी मागे येत नसते. त्या दिवशी मात्र वरपासून खालपर्यंत रांग लागली होती, आणि घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने आधी वाट द्यावी हा रस्ता नियमांतला साधा संकेत धाब्यावर बसवून, उतरणाऱ्या गाड्या एकमेकींना मागे टाकण्यासाठी आमच्या अर्ध्या रस्त्यावर येत होत्या. त्यामुळे दहा पावले पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा उचलायचे, असा प्रकार सुरू झाला.

पहिल्याच तीव्र वळणावर मी ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेला आणि तेवढ्या अवधीत गाडी हातभर मागे आली. गिअरचा दांडा ‘डी’वर, म्हणजे पुढे जाण्याच्या खुणेवर होता, इंजिन चालू होते, आणि तरीही गाडी मागे आली. मागच्या गाडीने आमच्या बंपरला नाक लावूनच मुक्काम केला होता, त्यामुळे तिकडून लांबलचक हॉर्न आला आणि पाठोपाठ खिडकीतून, “लेडीज आहे रे, जरा अंतर ठेव,” असा आवाज आला. सल्ला अगदी योग्य होता, चुकीचे होते ते फक्त त्यामागचे कारण.

खरे कारण गाडीच्या पोटात असते. बाजारात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली वेगवेगळी यंत्रे विकली जातात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिन तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला सतत थोडे ढकलत असते, म्हणून ब्रेक सोडला की ती सपाटीवर आपोआप पुढे सरकते. चढावर हा रेटा काही अंशी कामी येतो, पण चढ तीव्र असेल आणि गाडीत माणसे व सामान भरलेले असेल तर गुरुत्वाकर्षण त्याच्यावर मात करते आणि तीही मागे येते. आमच्या गाडीत एएमटी होती, म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीचेच, फक्त क्लच दाबण्या-सोडण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकुमाने यंत्र करते. भारतात २०१४मध्ये आलेल्या सेलेरिओपासून हा स्वस्त प्रकार रुळला आणि शहराच्या गर्दीत डाव्या पायाला त्याने खरोखर विश्रांती दिली, हे मान्यच आहे.

घाटात मात्र हीच विश्रांती महाग पडते. गिअरच्या गाडीत आपण एका पायाने ब्रेक धरतो, दुसऱ्याने क्लच अर्धवट सोडून हाफ क्लच पकडतो, आणि गाडी पुढे ओढू लागल्याची थरथर पायाला जाणवल्यावरच ब्रेक सोडतो. एएमटीत दोन पेडलांना एकच पाय उरतो आणि क्लच नेमका कधी पकडणार, हे पायाला कळण्याचा मार्गच नसतो. ब्रेक सुटल्यावर दोन-एक सेकंद गाडी धरून ठेवणारी हिल होल्ड नावाची सोय आता अनेक गाड्यांत असते. आमच्या गाडीत ती नव्हती. पुढच्या थांब्यांवर मी ब्रेक लावण्याऐवजी ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर तोलून धरली, तेव्हा ती मागे आली नाही, पण थोड्याच वेळात जळकट वास गाडीत भरला.

मागे बसलेली आई निवृत्त शिक्षिका आहे. वास येताच तिने मला पुढच्या खणातली गाडीची पुस्तिका द्यायला लावली, चश्मा चढवला आणि वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचू लागली. “ऐक. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरू नये, क्लच तापतो. हँडब्रेक वापरावा. हे तुला गाडी देताना कोणी सांगितलं नाही?” नव्हते सांगितले. गाडी देणाऱ्या मुलाने प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढून घेतले होते, पेट्रोलचा काटा दाखवला होता, फास्टॅगची शिल्लक दाखवली होती, आणि “मॅडम, ऑटोमॅटिक आहे, काहीच करायचं नाही,” असे म्हणून किल्ली हातात ठेवली होती.

दरम्यान मागची गाडी कंटाळून चुकीच्या बाजूने पुढे निघून गेली आणि तिच्या जागी एसटी आली. एसटीच्या चालकाने आमच्या मागे एक अख्खी गाडी मावेल इतके अंतर सोडले आणि खिडकीतून मान काढून सांगितले, “ताई, सावकाश. हँडब्रेकवर उचला, मी थांबलोय.” मग मी हँडब्रेक खेचून ब्रेक सोडला, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला, गाडीचे नाक किंचित उचलले गेल्यावर बटण दाबून हँडब्रेक खाली केला, आणि गाडी तसूभरही मागे न येता निघाली. त्या मोकळ्या अंतरात तेवढ्यात दोन गाड्या घुसल्या, एसटीवाल्याने पुन्हा तेवढेच अंतर सोडले. घाटात गाडी चालवणे म्हणजे काय, हे मागे जागा सोडण्यावरून ओळखावे असे माझे मत झाले आहे, आणि काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे पाहून भाड्याच्या गाडीला मुद्दाम खेटणाऱ्यांबद्दलचे मत इथे लिहिण्याजोगे नाही.

मुक्काम भिलारला, पुस्तकांच्या गावात, एका घरी होता. घराचे अंगण चढावर होते आणि आमच्या गाडीला ‘पी’, म्हणजे उभ्या गाडीची चाके अडवून धरणारा पार्किंगचा गिअर, नव्हता, तो एएमटीत सहसा नसतोच. मी इंजिन गिअरमध्ये बंद करून हँडब्रेक खेचला, तोवर घरातल्या काकांनी न सांगता मागच्या चाकाखाली दगड सरकवला आणि म्हणाले, “असू द्या, आमच्याकडे सगळ्यांच्याच गाडीला लावतो.” पिठलं-भाकरी उत्तम होती, पण मला तो दगडच जास्त आवडला.

परतताना दांडा मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरले. पुण्यात गाडी परत करताना त्याच मुलाला मी सांगितले की घाटात जाणाऱ्या गिऱ्हाइकाला किल्ली देण्याआधी एकदा हँडब्रेकवर गाडी उचलून दाखवत जा. त्याने बंपर नीट पाहिला, फोटो काढले आणि म्हणाला, “ओके मॅडम, डिपॉझिट खात्यात येईल.”