तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूच्या स्कॅनमधल्या त्या रंगीत तारा खऱ्या असतात का?

मुलांचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम, आणि ज्या बाळांच्या मेंदूची रचनाच जन्मापासून वेगळी असते त्यांचे आईबाबा तो रंगीत झुपक्यांचा फोटो बघून हमखास विचारतात, "डॉक्टर, या खऱ्या नसा आहेत ना?"

नाही हो. फोटो नाहीचे तो. तो बनतो डीटीआयने (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, एमआरआयचाच एक प्रकार). हे तंत्र १९९४ च्या सुमाराचं, आणि ते मोजतं फक्त पाण्याची हालचाल. मेंदूतल्या तंतूंच्या जुडीत पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं आणि आडवं जायला गेलं की अडतं, त्यावरून कॉम्प्युटर दिशेचा अंदाज बांधतो आणि स्कॅनमधल्या बारीक चौकोनाला चौकोन जोडत रेघ ओढत जातो. एकेक चौकोन साधारण दोन मिलिमीटरचा, त्यात तंतू लाखो! रंगही दिशेचेच: डावीउजवीकडे लाल, पुढेमागे हिरवा, वरखाली निळा.

तरी हे चित्र मला आवडतं, खासकरून कॉर्पस कॅलोसम नसलेल्या बाळांचं. दोन अर्ध्या मेंदूंना जोडणारा लाल पूल मधे दिसतच नाही, आणि आईबाबांचा चेहरा उतरतो. मग मी माउस जरा बाजूला नेते. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने दोन्हीकडे जाड हिरवे दोर पुढून मागे गेलेले असतात, प्रोब्स्ट बंडल म्हणतात त्यांना. पलीकडे जायचे ते तंतू मधली रेघ ओलांडू शकले नाहीत म्हणून आपल्याच बाजूला वळले. जूबेर सिंड्रोम या जन्मजात आजारात तर मी मध्यमेंदूतला एक लाल ठिपका शोधते, लहान मेंदूकडून आलेले तंतू तिथे एकमेकांना ओलांडतात, आणि या मुलांमधे तो ठिपका नसतो.

पण बाळ बोलेल का, चालेल का हे या चित्रावरून मला विचारू नका प्लीज, ते बाळाला तपासूनच कळतं. आणि रेघ दिसत नाही म्हणजे तंतू नाहीत असंही नाही, बाळ हललं किंवा दोन जुड्या एकमेकींना छेदून गेल्या की सॉफ्टवेअर गोंधळतं. एकदा तर एक जुडी गायब म्हणून मीच रिपोर्ट लिहायला बसले होते, सहज म्हणून रेघेला किती वळू द्यायचं ती कोनाची मर्यादा थोडी सैल केली, आणि आली की परत स्क्रीनवर.