मोना बेस्टच्या तळघरात

लंडनला गेलेला बीटल्सवेडा माणूस ॲबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर फोटो काढल्याशिवाय परत येत नाही. आम्हीही काढला. पण माझं लक्ष रस्त्यापेक्षा बाजूच्या पांढऱ्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या इमारतीकडे होतं. बीटल्स इथे पहिल्यांदा आले १९६२ मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, २४ जुलै १९५८ ला, इथल्याच दोन नंबरच्या स्टुडिओत सतरा वर्षांच्या एका मुलाने ‘मूव्ह इट’ हे गाणं रेकॉर्ड केलं. मुलाचं नाव हॅरी वेब. जन्म लखनौचा. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये आईवडील त्याला घेऊन ‘रांची’ नावाच्या बोटीने इंग्लंडला आले. आपण त्याला क्लिफ रिचर्ड म्हणून ओळखतो. गाणं लिहिलं होतं इयन सॅमवेलने, क्लिफच्या घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर बसून. ब्रिटनमध्ये तयार झालेलं पहिलं अस्सल रॉक अँड रोल कोणतं, असं विचारलं तर आजही बहुतेक जाणकार याच गाण्याचं नाव घेतात.

रेडिओ सिलोन ऐकत वाढलेल्या माझ्या काकांकडे क्लिफच्या तबकड्या होत्या. त्यामुळे बीटल्सच्या आधीही तिकडे काहीतरी घडत होतं, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. ते कुठे घडलं, कोणत्या खोल्यांत घडलं, ते या वेळी पाहायचं होतं. आणि शेवटी लिव्हरपूलला त्या पोरांना वाजवायला जागा देणाऱ्या मोना बेस्टच्या तळघरात उतरायचं होतं. लंडनमध्ये नोकरी करणारी भाची सोबतीला तयार झाली आणि आम्ही सोहो गाठलं.

लेस्टर स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून चेरिंग क्रॉस रोडने थोडं वर गेलं की डावीकडे ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट लागतो. अरुंद, गजबजलेला रस्ता, दोन्ही बाजूंना खाण्यापिण्याची रेलचेल. वाटेत फ्रिथ स्ट्रीटला वळून बार इटालियात कॉफी घेतली. हे दुकान १९४९ पासून चालू आहे, आणि याच इमारतीत वरच्या मजल्यावर जॉन लोगी बेअर्डने १९२६ मध्ये टेलिव्हिजनचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर होतं ते काउंटरवरचं एस्प्रेसो मशीन. ही वाफेची इटालियन यंत्रं पन्नाशीच्या दशकात सोहोत आली आणि पाठोपाठ कॉफीबार उगवले. युद्धानंतरचं रेशनिंग पूर्णपणे उठायला १९५४ साल उजाडलं होतं. हातात पहिल्यांदाच चार पैसे खुळखुळणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी संध्याकाळी जायचं कुठे? अठराच्या आत पबमध्ये दारू मिळत नाही. कॉफीबारला वयाची अट नव्हती, एका कपावर तास काढता येत होता, आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स असायचा. ब्रिटिश रॉक अँड रोल दारूच्या गुत्त्यात न वाढता कॉफीच्या दुकानात वाढलं, ते यामुळे.

५९ नंबरच्या दारापाशी पोचलो. “मावशी, इथे तर मासे तळतायत!” भाची म्हणाली. खरंच, आज तिथे फिश अँड चिप्सचं दुकान आहे. भिंतीवर मात्र वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने २००६ मध्ये लावलेली हिरवी गोल पाटी आहे. तिच्यावर ‘टू आइज कॉफीबार’चं नाव आणि ब्रिटिश रॉक अँड रोलचं जन्मस्थान असा उल्लेख. फ्रेडी आणि सॅमी इराणी या भावांच्या आडनावातले दोन ‘आय’ म्हणजे टू आइज. मुंबईत राहणाऱ्या माणसाला इराणी आणि कॉफीचं दुकान हे दोन शब्द शेजारी पाहून आपलंच काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. १९५६ मध्ये जागा चालवायला घेतली पॉल लिंकन आणि रे हंटर या दोन ऑस्ट्रेलियन पहिलवानांनी. लिंकन मुखवटा चढवून ‘डॉक्टर डेथ’ नावाने कुस्त्या खेळायचा. धंदा सुरुवातीला काही चालेना. १४ जुलै १९५६ ला सोहोची जत्रा भरली होती. त्या दिवशी ‘वायपर्स’ नावाची मंडळी गात-वाजवत आत शिरली, मालकांनी त्यांना परत बोलावलं, आणि मग तळघरात उतरायला रांगा लागू लागल्या.

वायपर्स वाजवत होते ते स्किफल. स्किफल समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. लॉनी डोनेगनचं ‘रॉक आयलंड लाइन’ १९५६ च्या सुरुवातीला गाजलं आणि देशभर पोरांनी बँड काढले. काढणं सोपं होतं. एक स्वस्तातलं गिटार, आईचा कपडे घासायचा पत्रा, तो वाजवायला बोटांत अंगुस्तानं, आणि बाससाठी चहाचं लाकडी खोकं. खोक्यातून एक दोरी काढायची, झाडूच्या दांड्याला ताणून बांधायची, दांडा मागेपुढे करत दोरी छेडायची. ही खोकी भारत-सिलोनहून चहा भरून यायची. आसामचा चहा पिऊन झाल्यावर रिकाम्या खोक्यावर लिव्हरपूलची पोरं बास वाजवत होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. अमेरिकन गिटारं मिळणंच मुश्कील होतं. परकीय चलन वाचवण्यासाठी सरकारने आयातीवर घातलेले निर्बंध १९५९ पर्यंत होते. अडचणीतूनच हे संगीत पोरांच्या हाती आलं.

टू आइजचं तळघर म्हणजे एक लांबट, कोंदट खोली आणि टोकाला दुधाच्या क्रेटवर फळ्या टाकून केलेला रंगमंच. पण तिथून कोण कोण निघालं! बर्मंडसीचा खलाशी पोरगा टॉमी हिक्स सप्टेंबर १९५६ मध्ये इथेच हेरला गेला, त्याचा टॉमी स्टील झाला आणि जानेवारी १९५७ मध्ये त्याचं गाणं पहिल्या नंबरवर होतं. पुढे लेड झेपलिन या बँडचा मॅनेजर झालेला पीटर ग्रँट इथे दारावर उभा असायचा. मला सगळ्यात आवडते ती हँक मार्विन आणि ब्रूस वेल्चची गोष्ट. न्यूकॅसलचे हे दोघे सोळा वर्षांचे मित्र १९५८ मध्ये एका स्पर्धेसाठी लंडनला आले आणि परत गेलेच नाहीत. क्लिफचा मॅनेजर गिटारवाल्याच्या शोधात टू आइजला आला तो टोनी शेरिडनसाठी. शेरिडन सापडला नाही, हँक सापडला. हँकने अट घातली, ब्रूसलाही घ्याल तर येतो. त्यातून क्लिफच्या साथीचा बँड, शॅडोज, उभा राहिला. हँकने त्या दिवशी मित्राचा हात सोडला असता तर शॅडोजचं १९६० चं ‘अपाची’ आपण ज्या रूपात ऐकतो तसं झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

यूस्टनहून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला गाडी सव्वादोन-अडीच तासांत पोचते. बीटल्स जिथे वाजवायचे तो मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब पाहिला. गर्दी होती, गाणी चांगली चालू होती. पण मूळ कॅव्हर्न सत्तरच्या दशकात पाडला गेला, हा पुन्हा बांधलेला आहे. केन्सिंग्टन नावाच्या रस्त्यावर ३८ नंबरच्या साध्या घरासमोर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. पर्सी फिलिप्सचा घरगुती स्टुडिओ इथे होता. १९५८ मध्ये पुढे बीटल्स झालेले लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि त्यांच्या तेव्हाच्या क्वारीमेन बँडने इथे काही शिलिंग मोजून दोन गाण्यांची एकच तबकडी करून घेतली. एकच होती, म्हणून प्रत्येकाने ती आळीपाळीने घरी नेली.

त्यानंतर वेस्ट डर्बी, हेमन्स ग्रीन, ८ नंबर. शहरापासून दूर, झाडांच्या आड लपलेलं मोठं जुनं व्हिक्टोरियन घर. मोना बेस्टचा कॅसबा कॉफी क्लब या घराच्या तळघरात होता. आधी नोंदणी करून जावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर दार बंद मिळेल.

मोना बेस्टचा जन्म १९२४ मध्ये दिल्लीत झाला. थोरला मुलगा पीट १९४१ मध्ये मद्रासला झाला. १९४५ च्या नाताळच्या दिवशी ‘जॉर्जिक’ या बोटीतून कुटुंब लिव्हरपूलला उतरलं. इंग्लंड तिने त्याआधी पाहिलेलंही नव्हतं. १९५४ च्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ नावाचा घोडा धावणार होता. मोनाने अंगावरचे दागिने गहाण ठेवून त्याच्यावर पैसे लावले. भाव होता तेहतीसास एक. घोडा जिंकला, आणि त्या पैशांतून पुढे १९५७ मध्ये हे घर झालं. मग एके दिवशी टीव्हीवर तिने सोहोच्या टू आइजबद्दल पाहिलं आणि ठरवलं की मुलांसाठी आपल्या तळघरात असंच काही करायचं.

पायऱ्या उतरून आत गेलं की एकामागून एक बुटक्या खोल्या लागतात. छत इतकं खाली की हात वर केला तर टेकावा. आमच्या वाटाड्याने टॉर्च वर धरला. रंगीत पट्टे भिंतीशी वळत गेलेले होते. हे इंद्रधनुष्य मॅकार्टनीने रंगवलं. जवळून पाहिलं तर एका पट्ट्याची कड दुसऱ्यावर किंचित चढलेली, ब्रशचे केस ओढल्याच्या रेघा अजून स्पष्ट. पुढे चांदण्यांचं छत, एका भिंतीवर लेननची मैत्रीण सिंथियाने काढलेली त्याची काळी छायाकृती. क्वारीमेन इथे उद्घाटनाला वाजवणार असं ठरलं तेव्हा मोनाने पोरांच्या हाती आधी ब्रश दिले. रंग पूर्ण झाल्याशिवाय गाणं नाही! लेननला दूरचं दिसत नसे, त्याने साध्या रंगाऐवजी चकाकणारा ऑइलपेंट लावला आणि त्या गार तळघरात तो वाळायला कित्येक दिवस लागले.

२९ ऑगस्ट १९५९ ला क्लब उघडला. लेनन अठराचा, मॅकार्टनी सतराचा, हॅरिसन सोळाचा, सोबत केन ब्राउन. चार गिटारं, ड्रमर नाही. या खोल्यांत त्या रात्री तीनशेच्या आसपास मुलं मावली म्हणतात. मी तिथे उभी राहिले तेव्हा आम्ही सातआठ जण होतो आणि तरीही एकमेकांना वाट द्यावी लागत होती. वरच्या मजल्यावर राहणारी पस्तिशीची बाई कॉफी करते आहे, पोरांना रात्रीचे तीन पौंड देते आहे, दारात कोण आलं ते बघते आहे, हे सगळं त्या खोल्यांत उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं. पुढच्या वर्षी हँबुर्गला जाताना बँडला ड्रमर हवा होता, तेव्हा ते या घरातूनच पीटला घेऊन गेले. परत आल्यावरही मोनाच त्यांच्यासाठी कार्यक्रम ठरवत राहिली. इतिहास लिहिताना आपण मंचावरच्या मुलांची नावं पाठ करतो. ज्या बाईने मंच दिला तिचं नाव कॅसबाच्या दाराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि हे मला सहन होत नाही.

जून १९६२ मध्ये तिने क्लब बंद केला. ऑगस्टमध्ये पीटला बँडमधून काढून टाकलं आणि त्याच्या जागी रिंगो आला. १९६७ मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मुखपृष्ठाची तयारी चालू होती, तेव्हा लेननला मोनाच्या वडिलांची पदकं आठवली. भारतात लष्करात असताना मिळालेली. त्याने ती मागितली. मुलाला बाहेरचा रस्ता दाखवून पाच वर्षंही झाली नव्हती. मोनाने पदकं पाठवली. तिच्या जागी मी असते तर पाठवली असती का, यावर भाचीचं आणि माझं परतीच्या बसमध्ये चांगलंच वाजलं. ती म्हणत होती, नक्की पाठवली असतीस मावशी. मी अजूनही नाही म्हणते.