सीसीत साहेब आणि मेलमध्ये विनोद

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, समोरासमोर बोलायला अगदी ठीकठाक, पण मेल लिहायला बसले की अंगात येतं. "माझ्या खालील मेलमध्ये स्पष्ट लिहिल्याप्रमाणे", तेही बोल्डमध्ये, आणि सीसीत आमचे साहेब, शिवाय साहेबांचे साहेब. विषय काय तर एक्सेलमधल्या एका कॉलमचं नाव!!

सरळ उत्तर दिलं तर वाद वाढतो आणि गप्प बसलं तर दुपारपर्यंत रिमाइंडर येतो, म्हणून मी मध्येमध्ये गंमत करायला लागले. पण अशा माणसाशी मेलवर टोमणा मारायचा नाही हं, अजिबात नाही. टोमणा सगळा आवाजात असतो, आणि मेलला आवाज नसतो. क्रूगर, एपली या मानसशास्त्रज्ञांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००५ चं संशोधन आहे, त्यात लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपला उपरोध मेलवरही समोरच्याला बरोब्बर कळणार, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचं ओळखणं जवळपास छापा-काट्याइतकंच निघालं. स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये कंप्युटरवरच्या चर्चेत :-) हे चिन्ह सुचवलं तेसुद्धा याचसाठी, की बाबांनो हा विनोद आहे, भांडू नका. (आमच्या गृहस्थांना स्मायली टाकला तर तो त्यांना आपल्यालाच हसल्यासारखा वाटतो, तो भाग वेगळा.)

त्यामुळे गंमत करायची ती त्यांची नाही, दोघांनाही छळणाऱ्या तिसऱ्याच कशाची तरी. आणि सीसी आधी रिकामं करायचं, कारण साहेबांसमोर केलेला विनोद म्हणजे त्यांच्या लेखी जाहीर अपमानच.

परवा त्यांचा मेल आला, "कोणती फाईल अंतिम समजावी हे तातडीने कळवावे." फोल्डर उघडून बघते तर फायनल, फायनल२, फायनल_नक्की, फायनल_नक्की_जुनी अशी सगळी भावंडं नांदतायत. मी फक्त त्यांना एकट्यांना लिहिलं, "सर, फायनल_नक्की घ्या. फायनल_नक्की_जुनी मात्र उघडू नका, ती तिच्यापेक्षा नवीन आहे, का ते मलाही विचारू नका." काम पहिल्याच वाक्यात उरकलेलं, म्हणजे विनोद नाही कळला तरी कुणाचं काही अडत नाही. शिवाय जीमेलमध्ये अनडू सेंडची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती मी वाढवूनच ठेवलीय, आणि तेवढ्या वेळात मेल एकदा त्यांच्या नजरेनं वाचते.

तासाभरानं उत्तर आलं. "नोंद घेतली. जुनी फाईल नवीन कशी, याचा खुलासा त्या फाईलकडूनच मागवण्यात यावा."

बोल्ड नाही, सीसी नाही! मी दोनदा वाचलं. संध्याकाळी दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावर "स्पष्ट लिहिल्याप्रमाणे" आलाच, साहेबांसकट, पण फाईलींच्या बाबतीत आता आमचं बरं चाललंय, कालची त्यांनी स्वतः सेव्ह केलीय, फायनल_खुलाशासह.