शाळिग्रामाचं कोमट पाणी

मागच्या रविवारी आमच्या इंदूरच्या घरी पोह्यांवर जीरावन मसाला पडायच्या आधीच वादावादी सुरू झाली. चुलतभाऊ अकरावीत आहे, बायो घेतलंय, आणि आजी पूजेला बसलेली बघून हा तिलाच सांगायला गेला की आजी, जीव देवाने वगैरे नाही बनवला, मिलर म्हणून एक होता, शिकतच होता तेव्हा, त्याने काचेच्या भांड्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घालून ठिणग्या सोडल्या आणि आत अमिनो ॲसिड, म्हणजे आपल्या शरीरातल्या प्रथिनांच्या विटा, तयार झाल्या, १९५३ ला छापून पण आलं.

आजीने ताम्हनातल्या शाळिग्रामावर पळीभर पाणी सोडलं. "मग निघालं काय त्यातून, मुंगी?"

"नाही गं, फक्त अमिनो ॲसिड."

"मग अजून वेळ आहे म्हण."

खरं सांगू का, मुद्दा तिचाच बरोबर आहे. विटा मिळाल्या म्हणजे घर झालं असं नाही, त्यातून स्वतःची कॉपी काढणारी पेशी कशी उभी राहिली ते अजून कोणालाच नीट जुळवता आलेलं नाही. पण हे ऐकून पोह्यांना आलेले शेजारचे काका लगेच "बघा, म्हणजे देवच!" करून मोकळे, आणि मला तेच आवडत नाही. जिथे उत्तर नाही तिथे देव बसवायचा, मग उत्तर सापडलं की उचलून पुढच्या कोपऱ्यात न्यायचा, भाडेकरू आहे का तो? विटांचंच बघा ना, १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसनला उल्का पडली, तिच्यात पण अमिनो ॲसिड सापडली. आपल्या नासदीय सूक्तात तर ही भानगडच नाही, देवसुद्धा सृष्टीच्या नंतरचे, मग हे सगळं कुठून आलं कोण सांगणार, वर बसून जो बघतोय त्याला माहीत असेल, किंवा नसेलही. ऋग्वेदात हं!

आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक गोल दगड काकड भैरव म्हणून पुजायचे, शेताचा आणि गुराढोरांचा राखणदार. २०२३ मध्ये बातमी आली की ती टायटॅनोसॉर नावाच्या डायनासोरची अंडी आहेत. फॅमिली ग्रुपवर हसणाऱ्या स्मायल्यांचा नुसता पूर. मला नाही हसू आलं, कारण आमच्या देवघरातला शाळिग्राम तरी काय आहे, नेपाळात काली गंडकीच्या पात्रात सापडणारा अमोनाइटचा जीवाश्म, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा शंखवाला जीव.

हे मी आजीला एकदा सांगितलं होतं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "जिवंत होता होय?" आणि त्या थंडीपासून त्याच्या आंघोळीला पाणी कोमट असतं.

रविवारी भावाला पण सांगितलं. पोहे तसेच टाकून तो मोबाईलचा टॉर्च लावून शाळिग्रामाच्या भोकात वेटोळं शोधायला बसला.

"हात धुतलेस का?" आजी म्हणाली.