दोन सेकंदांचा पॉज

गोव्यात डिचोलीत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, भजनं, नाटकांचं म्युझिक, आणि इलेक्शन आलं की रिक्षावरच्या अनाउन्समेंट. 2024च्या लोकसभेला मात्र वेगळंच काम आलं. एका उमेदवाराचा माणूस त्यांच्या भाषणांचा पेनड्राइव्ह घेऊन आला, आवाज साफ करून द्या म्हणाला, पुढे एआयवर त्या आवाजाचा क्लोन बाहेरची एजन्सी करणार. मग चाळीस सेकंदांचा कॉल चेक करायला माझ्याकडेच आला, मतदाराचं नाव, "बरे आहात ना?" आणि लगेच पुढचं सुरू. एकदम मशीन वाटत होतं. मीच शहाणपणा केला, म्हटलं "बरे आहात ना" नंतर दोन सेकंदांचा पॉज टाका, माणूस असाच थांबतो. एजन्सीवाले जाम खूश.

मतदान 7 मेला. त्याआधी तीन-चार दिवस सत्तरी तालुक्यातले एक काका घामाघूम होऊन आले, आमच्याकडे भजनाला पखवाज वाजवतात. "बाबांचा, आपल्या उमेदवाराचा फोन आलेला मरे! नाव घेऊन विचारलं बरे आहात ना, मी म्हटलं बरा कसला, नळाला पाणी नाही, पहाटे चारला उठून भरतो. ते बोलत होते, मीपण बोलत होतो, मग कट झाला, आमच्याकडे रेंज कुठे आहे. तू त्यांचं काम करतोस ना, परत लावून दे, पंपाचं सांगायचं राहिलं."

तीनदा समजावलं तेव्हा कळलं त्यांना. "म्हणजे कोणीच नाही ऐकलं?" अरे आपण देवाला गाऱ्हाणं घालतो तिथेसुद्धा "व्हय महाराजा" म्हणायला चार माणसं उभी असतात.

डीपफेक म्हटलं की सगळ्यांना विरोधकाचा खोटा व्हिडिओच आठवतो. निवडणूक आयोगानेपण 6 मेला पार्ट्यांना सांगितलं, असलं काही लक्षात आणून दिलं की तीन तासांत काढा. इथे काढणार काय, उमेदवाराच्या मर्जीनेच सगळं! 2025च्या ऑक्टोबरात आयोगाचा लेबलचा नियम आला, हे एआयचं आहे असं सांगायचं, ऑडिओ असेल तर सुरुवातीचा दहा टक्के वेळ, म्हणजे आमच्या कॉलला चार सेकंद. तेवढ्यात काकांचं "हॅलो हॅलो" तरी संपलं असतं का?

पाण्याचं मी उमेदवाराच्या त्या माणसाला व्हॉट्सअॅपवर टाकलं. ब्लू टिक आली, बस.

काकांनी मत दिलं, "सवय आहे" म्हणाले. पण आता उमेदवाराचा फोन म्हटलं की ठेवूनच देतात, खरा असला तरी. चवथीला भजनाचं विचारायला मी बायकोच्या नंबरवरून फोन केला तर पलीकडे शांत. मग म्हणाले, "आधी सांग, गेल्या वर्षी आरतीला ताल कोणाचा चुकला?"

माझाच चुकला होता म्हटल्यावर बोलायला लागले.