पुढच्या बैठकीसाठी ‘ऑर्बिटल’
आपल्या वाचनगटाच्या पुढच्या बैठकीसाठी मी समांथा हार्वीची ‘ऑर्बिटल’ ही कादंबरी सुचवतेय. २०२४चं बुकर मिळालंय तिला, पण माझं कारण वेगळं आहे. अवकाश स्थानकातली सहा माणसं, एकच दिवस, पृथ्वीभोवती सोळा प्रदक्षिणा. कथानक शोधत बसाल तर हाती फारसं लागणार नाही, हे आधीच सांगते. पण त्यातली चिए! तिकडे जपानमध्ये आई गेली आणि ही वर तरंगतेय. अंत्यविधीला पोचायची सोयच नाही. तिथे मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. पानं दीडशेच्या आतच आहेत, तरी एका बैठकीत उरकू नका. रोज एक प्रदक्षिणा वाचा. चिएबद्दल मला तुमच्याशी बोलायचंच आहे.