टाइल्सचा घोळ
आज तालुक्याहून टाइल्सची गाडी आली. गुजरातातल्या मोरबीचा माल, 2 बाय 2 फुटांच्या, एका खोक्यात 4. मिस्त्रीनं बैठकीच्या खोलीत दोन ओळी मांडल्या अन् थांबला. "भाऊ, शेड वेगळा हाय ना!" खोक्यांवरचे बॅच नंबर पाहिले, तर निम्मा माल दुसऱ्याच बॅचचा. बॅच बदलली की रंग थोडा हलतोच, हे दुकानदाराला माहीत नसेल? फोनवर म्हणे, "लागल्यावर समजत नाही." उन्हात पाह्यलं की सरळ दिसते राजा! शेवटी परत न्यायला तयार झाला, पण गाडीभाडं कोणाचं यावर डोकं पिकलं. आई मात्र खुश, तिला शेणानं सारवलेलीच जमीन पाहिजे होती. मिस्त्री उद्या मागच्या भिंतीचं प्लास्टर घेतो म्हणाला. रेती आहे, सिमेंट आहे. विजेची लाइन राहिली तर पाणीही भेटेल.